पेटीतली मेथी

"कपाटाचं दार कुठे गेलं?" मी मागच्या दारातून ओरडले.

हे परसात माझ्याकडे पाठ करून बसले होते आणि कपाटाच्या दारातलाच एक खिळा पकडीने उपटत होते. दाराचा आरसा काढून भिंतीला टेकवून ठेवला होता. त्या आरशात मला यांचं तोंड दिसलं, आणि तोंडात धरलेले चार-पाच वाकडे खिळे.

"कुठलं दार?"

"तुम्ही ज्याच्यावर गुडघा ठेवलाय ते."

"हे होय. सागवान आहे. कपाटात नुसतं वाया चाललं होतं."

"अहो, कपाटाला दार म्हणजे वाया? माझे कपडे उघड्यावर पडलेत!"

"पडदा लाव."

"मला विचारायचं तरी!"

"तुझ्यासाठीच चाललंय ना सगळं," हे म्हणाले आणि तोंडातला एक खिळा काढून दगडावर ठोकून सरळ करायला लागले.

तुझ्यासाठीच. हे वाक्य मी लग्न झाल्यापासून ऐकतेय. मला वारा लागतो म्हणून यांनी स्वयंपाकघराची खिडकी बुजवली, आणि मी जन्मभर धुरात फोडण्या दिल्या. मला चढायला त्रास नको म्हणून माळ्याची शिडी कापून तिचं स्टूल केलं, आणि माळ्यावरची भांडी तिथेच राहिली. सगळं माझ्यासाठी, फक्त मला विचारून एकही नाही. सांगायला जावं तर पालथ्या घड्यावर पाणी.

त्या दिवसांत घरातलं एकही लाकूड यांच्या हातून सुटलं नाही. पलंगाचे पाय गेले, कारण मी आता खाली दवाखान्यातून आणलेल्या खाटेवर झोपत होते. फरशीच्या दुकानामागे टाकून दिलेल्या लाकडी चौकटी आल्या. भंगारवाल्याकडून एका बंद पडलेल्या दुकानाची पाटी आली, तिच्यावर अजून 'उधार मागू' एवढी अक्षरं शिल्लक होती, पुढचं तुटलेलं. एक पैसा खर्च करायचा नाही, एक खिळा विकत आणायचा नाही, असा यांचा हट्ट होता. आणि हे सगळं कशासाठी, तर माझ्या भाजीसाठी.

त्याचं असं झालं. गेल्या पावसाळ्यात मी याच परसात पाय घसरून पडले आणि माझं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, वॉकर आला. डॉक्टर म्हणाले, आता वाकायचं नाही, उकिडवं बसायचं नाही, जमिनीवर मांडी घालायची नाही. मी विचारलं, "मग माझी भाजी?" ते हसले. म्हणाले, "कुंडीत एखादं फूल लावा, आजी." फूल! या परसातल्या भाजीवर माझं घर पोसलं गेलंय. पालक, मुळा, मिरच्या, टोमॅटो, आणि मेथी तर अशी यायची की शेजारणी पिशव्या घेऊन दाराशी उभ्या राहायच्या. माझं शिक्षण नाही, नोकरी नाही, गळा गोड नाही. मला येतं ते एवढंच, आणि ते मला चांगलं येतं.

घरी आले तर परसात गवत माजलेलं. मी मागचं दार लावून घेतलं. बघवतच नव्हतं.

आमची एकुलती एक लेक दूर नोकरी करते. ती फोनवर रोज तेच म्हणायची, "आई, ते घर बंद करा आणि इकडे या दोघं. लिफ्ट आहे, दवाखाना जवळ आहे. तिथे बसून कुढत राहण्यापेक्षा बरं." शेवटी एकदा वैतागून मी तिला म्हटलं, "हे बघ, मला उभ्याने भाजी लावता आली तर मी इथेच राहणार. नाही आली, तर येते तुझ्याकडे. मग वाद घालणार नाही."

हे शेजारीच बसून नखं कापत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मोजपट्टी घेऊन आले आणि मला दाराच्या चौकटीशी उभं केलं.

"हलू नकोस."

"काय चाललंय?"

"हलू नकोस म्हटलं ना. हात कोपरात वाकव. आता पुढे कर. अजून. दुखतंय? मग एवढाच." चौकटीवर पेन्सिलीने एक रेघ, मग दुसरी. कारखान्यात मशीनची मापं घ्यायचे तशी माझी मापं घेतली या माणसाने. कंबर कुठे, कोपर कुठे, वॉकर धरून उभी राहिले तर हात किती लांब पोचतो. लग्नात ब्लाउजचं मापसुद्धा कोणी इतकं निगुतीने घेतलं नव्हतं. मला हसूही आलं आणि, खरं सांगते, थोडं रडूही आलं.

पण माणूस पडला पेट्यांचा मिस्त्री, तिथेच सगळं घोडं अडलं.

यांचं सगळं आयुष्य एका कारखान्याच्या पॅकिंग खात्यात गेलं. मोठाली मशीनं जहाजाने परदेशी जायची, त्यांच्यासाठी हे लाकडी पेट्या करायचे. एकेक पेटी खोलीएवढी. आत डांबरी कागदाचं अस्तर, फळ्यांच्या सांध्यात लांबीचा लगदा भरलेला. समुद्राचं पाणी, पाऊस, दमट हवा, काही आत जाता कामा नये. पेटी झाली की हे आत एक कोरडं वर्तमानपत्र पसरायचे, झाकण ठोकायचे, आणि बाहेरून नळीने पाणी मारत राहायचे. मग झाकण उघडून तो कागद दोन बोटांत धरून चाचपायचे आणि एकच शब्द बोलायचे, "कोरडा." तो शब्द आला की पेटी पास. साहेबसुद्धा त्या शब्दाची वाट बघत उभे राहायचे म्हणे. पुढे पुठ्ठ्याची आणि प्लॅस्टिकची खोकी आली, पॅकिंग खातं बंद झालं, आणि हे घरी आले. तरी आजही कोणी जुना माणूस भेटला की म्हणतो, मिस्त्रींच्या पेटीतून कधी थेंब आत गेला नाही. त्या दिवशी हे एक पोळी जास्त खातात.

तर अशा माणसाने माझा वाफा केला. कपाटाचं दार तळाला, पलंगाचे पाय चार कोपऱ्यांना, दुकानाची पाटी दर्शनी बाजूला. आत कारखान्यातल्या जुन्या डांबरी कागदाचं अस्तर. उंची बरोबर माझ्या कोपराशी. रुंदी माझा हात पोचेल एवढीच. खालून पाय सरकवून स्टुलावर बसताही येईल. मी हात फिरवला. एक कुसळ लागलं नाही. एवढं सुंदर काही माझ्यासाठी या घरात कधी झालं नव्हतं.

आणि मग यांनी त्यात वर्तमानपत्र पसरलं.

"अहो, हे काय?"

"तपासतोय." वरून पत्रा झाकून हे नळीने पाणी मारायला लागले. मग पत्रा उचलला, कागद चाचपला. "कोरडा."

"अहो, पाणी बाहेरून नाही येणार. मी आत घालणार आहे."

"आत घातलंस तरी थेंब बाहेर येणार नाही. लिहून देतो."

"तेच तर म्हणतेय मी! बाहेर यायला पाहिजे! तळाला भोकं पाडा."

हे माझ्याकडे असे बघायला लागले, की जणू मी तान्ह्या पोराचे कान टोचायच्या ऐवजी नाक कापायला सांगितलंय. "भोकं? धड पेटीला?"

"पेटी नाही, वाफा आहे. पाणी साठलं की मुळं कुजतात."

"कमी पाणी घाल."

झालं. विषय संपला. मी खाली फांद्या आणि पाचोळा घातला, वर कुजवलेलं शेण, वर माती. म्हणजे मी स्टुलावर बसून सांगितलं आणि यांनी घमेली ओतली. मेथी पेरली. उगवली तेव्हा मी वॉकर सोडून दोन्ही हात त्या मातीत घातले. काय सांगू, इतक्या महिन्यांनी नखांत माती गेली. लेकीला फोन करून म्हटलं, "कोंब आलेत. तुझी लिफ्ट तुलाच लखलाभ."

हात दाखवून अवलक्षण ते हेच. दोन पानांवर आली आणि मेथी पिवळी पडायला लागली. बोट खुपसलं तर खाली नुसता चिखल. मी पाणी कमी केलं, मग बंदच केलं, पण अवकाळी दोन सरी आल्या आणि ते सगळं पाणी यांच्या पेटीने इमानदारीने धरून ठेवलं. कुजका वास यायला लागला.

"आता तरी भोकं पाडा!"

"बी जुनं असेल."

"बी माझ्या हातचं आहे!"

"मग माती खराब."

"तुमचं डोकं खराब! अहो, ही पेटी आहे की टाकी? मासे सोडा हिच्यात!"

हे उठून गेले आणि उरलेल्या लाकडाची दुसरी पेटी करायला बसले. पहिलीपेक्षा घट्ट. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. माझ्यासाठीच केलेली वस्तू माझ्या डोळ्यांदेखत माझीच भाजी मारत होती, आणि तक्रार करावी तर मी कृतघ्न.

मग मी माझा मार्ग काढला. एका दुपारी हे झोपल्यावर मी जुन्या छत्रीची एक काडी काढली, स्टुलावर बसले आणि खालून पहिल्या पेटीच्या तळात खुपसायला लागले. सागवानात कुठली काडी जाते? मग मी ती दोन फळ्यांच्या सांध्यात घातली, फिरवली, दाबली. डांबरी कागद फाटल्याचं हाताला कळलं. काळं पाणी माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत आलं. इतका घाणेरडा वास, पण मला अत्तरासारखा वाटला.

संध्याकाळी हे परसात गेले आणि तिथेच उभे राहिले. मी दारातून बघत होते. हे खाली बसले, सांध्यावरून बोट फिरवलं, वास घेतला, पुन्हा बोट फिरवलं.

"काय झालं?" मी अगदी साळसूदपणे विचारलं.

"सांधा गळतोय."

"गळू द्या की."

"माझा सांधा गळतोय," हे म्हणाले. एवढंच. मग भुसा आणि सरस कालवून ती चीर बुजवली, वरून मेण ओतलं. जेवताना हात उजेडात धरून उलटसुलट करून बघत बसले.

मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण माझं सगळं लक्ष मेथीत. बुजवलीत ना चीर? थांबा. दोन दिवसांनी मी दुसऱ्या सांध्यात काडी घातली.

या वेळी यांनी बुजवलं नाही. बराच वेळ ठिबकणाऱ्या पाण्याकडे बघत बसले, मग सगळी हत्यारं पुसली, पोत्यात भरली आणि पोतं सुतळीने बांधलं. मग फोन उचलला.

"हं, मी बोलतोय," हे लेकीला म्हणाले. "ये तू रविवारी. ने आम्हाला."

मी स्वयंपाकघरातून वॉकर आपटत आले. "कोणाला नेणार? मला विचारलं का?"

"माझ्याने आता होत नाही," हे म्हणाले. "हात गेले माझे. साधी पेटी धड होत नाही. उद्या तू पुन्हा पडलीस तर कोण उचलणार तुला? मी? या हातांनी?"

मी काहीतरी बोलायला हवं होतं, आणि तेव्हाच बोलायला हवं होतं. पण आधी मला राग आला होता, कारण पुन्हा माझ्या वतीने यांनी परस्पर ठरवलं होतं. आणि रागात माणूस नको ते सगळं बोलतं आणि हवं तेवढंच गिळतं. मी म्हटलं, "जा, तुम्ही जा एकटे." हे म्हणाले, "बरं." मग आम्ही रविवारपर्यंत बोललोच नाही. हे भांडी पुठ्ठ्याच्या खोक्यांत भरायला लागले. ज्या माणसाने आयुष्यभर पुठ्ठ्याला शिव्या घातल्या तो खोक्यांना चिकटपट्टी लावत होता, तीही तिरकी. मला ते बघवेना.

रविवारी लेक आली. दोन रिकाम्या बॅगा घेऊन. आल्या आल्या तिने परस बघितलं, त्या पिवळ्या मेथीला हात लावला, आणि नाकाला पदर लावल्यासारखी ओढणी लावली.

"बाबा, किती छान केलंय हो तुम्ही! पण हे कुजलंय सगळं."

"गळतं ते," हे म्हणाले. "सांधे सुटलेत. आता नाही जमत मला."

"असू दे हो बाबा. वय झालं की होतंच असं." पोर समजूत घालत होती बिचारी. तिने यांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि यांनी मान हलवली, "हो, वय झालं." ज्या माणसाला मी कधी कशाला हो म्हणताना ऐकलं नाही, तो चुपचाप हो म्हणाला.

"काही वय-बिय झालेलं नाही!" मी ओरडले. "भोक मी पाडलं!"

दोघं माझ्याकडे बघायला लागले.

"दोन्ही भोकं मीच पाडली. छत्रीच्या काडीने. तुमचा सांधा कसला सुटतोय! माझ्या मनगटाला सूज आली ती काडी घुसवताना. जन्मात सुटायचा नाही तुमचा सांधा. तोच तर माझ्या जिवावर उठलाय!"

हे हळूहळू पेटीपाशी गेले, खाली बसले आणि ज्या सांध्याला मी हात लावला नव्हता त्याच्यावरून अंगठा फिरवत राहिले, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग दुसरा सांधा. मग तिसरा. लेक मला काही विचारणार होती, मी तिला हातानेच गप्प केलं.

"म्हणजे गळत नव्हता," हे म्हणाले.

"नव्हता."

"दोन दिवस मी जेवलो नाही नीट."

"माहितेय मला. वाढत कोण होतं?"

"मग आधी सांगायला काय झालं होतं?" आता यांचा आवाज चढला, आणि मला इतकं बरं वाटलं तो आवाज ऐकून.

"मी काय सांगत होते महिनाभर? भोकं पाडा, भोकं पाडा! तुम्ही ऐकलंत?"

हे म्हणाले, "कळत होतं गं. मुळं कुजतात एवढं मलाही कळतं. पण हात उठत नाही. सगळं आयुष्य पाणी बाहेर ठेवण्यात गेलं. एवढंच आलं मला. त्यालाच भोक पाडायचं म्हणजे..."

मला येतं तेही एवढंच आहे. मी वॉकर सरकवत त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले.

हे उठले. पोत्याची सुतळी सोडली आणि गिरमिट बाहेर काढलं, हाताने फिरवून भोक पाडायचं ते, लाकडी मुठीचं. पात्याला बोट लावून धार बघितली. मग ते माझ्या हातात दिलं.

"तू पाड. छत्रीच्या काडीने भोक पाडतं का कोणी? चीर पडते नुसती, चिखलाने बुजते, वर लाकूड खराब होतं."

"मी? अहो, मला कुठे येतं?"

"मी धरतो पेटी. तू फिरव." मग कानावरची पेन्सिल काढली, खाली वाकले, आणि वर माझ्याकडे न बघताच म्हणाले, "कुठे हवीत?"

इतक्या वर्षांच्या संसारात या माणसाने मला पहिल्यांदा काहीतरी विचारलं होतं. मी क्षणभर गोंधळलेच.

"अगं, सांग ना. कुठे? किती अंतरावर?"

"तळाशी. एक वीत सोडून एक," मी म्हटलं. "या बाजूने उतार आहे, तर इकडे जास्त."

यांनी मोजपट्टी लावून खुणा केल्या. वाकड्या भोकांची पेटी माझ्या दारात नको, म्हणाले. मी स्टुलावर बसले, गिरमिट टेकवलं आणि फिरवायला लागले. सागवानाचा बारीक भुसा माझ्या मांडीवर पडत होता. हे दोन्ही हातांनी पेटी घट्ट धरून उभे होते. चार पायांवर पक्की उभी असलेली पेटी, तिला धरायची काही गरज नव्हती. तोंड दुसरीकडे फिरवलं होतं.

"आई, दमलीस. मी करू का?" लेक म्हणाली.

"तू बॅगा आत ठेव," मी म्हटलं.

ती आत गेली, आणि आतून खोक्यांची चिकटपट्टी टराटरा काढल्याचा आवाज यायला लागला.

पातं आरपार गेलं तेव्हा मुठीला एकदम हलकं लागलं. मी गिरमिट उलटं फिरवून बाहेर काढलं. आधी काहीच आलं नाही. मग काळं पाणी आलं, धार लागली, आणि मग थेंब पडायला लागले, एकामागून एक.

यांचा हात सवयीने तिथे गेला. तळहात भोकावर दाबला, पाणी थांबलं. थोड्या वेळाने यांनी आपणच हात काढला आणि पँटला पुसला.

मग घरात जाऊन जुनं वर्तमानपत्र आणलं आणि पेटीखाली पसरलं. बराच वेळ आम्ही दोघं त्याच्यावर पडणाऱ्या पाण्याकडे बघत राहिलो. मेथी तर गेलीच होती, ती पुन्हा पेरावी लागणार होती. हे ओणवे झाले, तो कागद उचलला, दोन बोटांत धरून चाचपला, कारखान्यात चाचपायचे तसाच.

"ओला," हे म्हणाले, आणि दुसऱ्या भोकाखाली पसरायला कोरडा कागद आणायला आत गेले.